उभं राहून सांगायचं, बसून सांगायचं

सर येणार म्हटलं की आम्हाला पहिली काळजी वायरीची. बाकीच्या वक्त्यांचे नखरे वेगळे असत. कुणाला स्टेशनवर गाडी लागे, कुणाला हार मोगऱ्याचाच लागे, एकांना तर बोलण्याआधी खोलीत पाऊण तास एकांत लागत असे. सरांना यातलं काही नको. त्यांना माइकची वायर लांब हवी, एवढंच. पण त्या एवढ्याशा मागणीनं आमच्या साउंडवाल्याच्या नाकीनऊ येत.

अकोल्याला जठारपेठेत आमची व्याख्यानमाला आहे. मी तिचा कार्यवाह. म्हणजे खुर्च्या मांडायच्या, पाहुण्यांची नाराजी गिळायची आणि शेवटी आभार मानताना कोणाचं नाव राहिलं म्हणून शिव्या खायच्या. पोटापाण्याला भांड्यांचं दुकान आहे. दर थंडीत आम्ही इतिहासावर बोलणाऱ्यांना, गोष्टी सांगणाऱ्यांना बोलावतो. तलवारीसारखा हात फिरवणारे, पोवाड्यातलं एखादं कडवं मध्येच म्हणणारे, घोड्याच्या टापा तोंडानं वाजवणारे, सगळे येऊन गेले. लोकांना ते आवडतात, मलाही आवडतात. पण सर त्यातले नव्हते.

सर बडनेऱ्याचे. वडील रेल्वेत होते आणि सर अमरावतीच्या एका हायस्कूलात इतिहास शिकवून निवृत्त झाले. उंच, वाळके, पांढरा शर्ट कायम बाह्यांचीसुद्धा बटणं लावलेला. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी आधी आपला नियमच सांगितला.

"हे पाहा, कागदात जे हाय ते मी या पोडियममागं उभं राहून सांगन. लोकं जे सांगत आले ते मंचाच्या कडेले येऊन सांगन. अन् जे नुसतं माह्या मनातलं हाय, ते खुर्चीत बसून सांगन. मी कुठं हाओ ते तुमी पाहत जा. खुर्चीतलं ऐकून घरी पोडियमचं म्हणून सांगाल, तर ते पाप माह्या डोक्यावर नाही."

लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. पण सर खरंच तसे बोलत. एखाद्या किल्ल्याला वेढा पडलाय, आत दाणा संपलाय, सभागृह श्वास रोखून बसलंय, आणि सर पोडियम सोडून चालायला लागत. कडेला येऊन म्हणत, "आता गावातली म्हातारी मंडळी असं सांगतात..." तिथून मागे जाऊन खुर्चीत बसत आणि आवाज खाली आणून म्हणत, "मले वाटते, किल्लेदार त्या दिवशी जेवला नसन." पुन्हा उठत, पुन्हा पोडियम. त्यांच्यामागे वायर फरफटत जाई. एकदा ती आमच्या अध्यक्षांच्या पायाला गुंडाळली आणि अध्यक्ष आभार मानायला उठले ते थेट फुलदाणीवर. पुढे कॉलरचा माइक आला तेव्हा साउंडवाल्यानं त्या माइकलाच हात जोडले.

टाळ्या त्यांना खपत नसत. खुर्चीत असताना टाळी पडली की चिडत. "कावून टाळ्या वाजवून राहिले? अंदाज हाय माहा!" आणि पोडियममागे असताना टाळी पडली तर म्हणत, "मी काय केलं त्यात? लिहिणाऱ्यानं लिहून ठेवलं." म्हणजे टाळी वाजवायची कुठे, हा आम्हाला प्रश्नच असे. एका वर्षी आमच्या अध्यक्षांनी परिचय करून देताना 'थोर इतिहाससंशोधक' असं म्हटलं. सरांनी तिथल्या तिथे त्यांना हाताला धरून खुर्चीकडे नेलं. "हे इथं बसून म्हणा," म्हणाले. अध्यक्ष वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत, जसं काही मीच त्यांना बसवलं होतं.

हळूहळू आमच्या श्रोत्यांना या गोष्टीचं वेडच लागलं. संत्रेवाला टोपलीवर हात ठेवून "वरूडचा माल हाय" म्हणाला की बायका त्याला विचारत, "उभं राहून सांगून राहिला का बसून?" त्या बिचाऱ्याला काय कळणार, तो उभाच असायचा. माझ्या दुकानातही गिऱ्हाईक कढई वाजवून पाहायचं आणि म्हणायचं, "भाऊ, तुमी जरा स्टुलावरून उठा अन् मंग गॅरंटी सांगा." मी हसत असे, पण उठून सांगायची वेळ आली की दोनदा विचार करत असे, हेही खरं.

सरांच्या घरी, बडनेऱ्याला, मी तारीख ठरवायला जात असे. काकू बोलायला मोकळ्या. एकदा चहा देताना म्हणाल्या, "मले पाहाले आले होते ना, तवा हे खुर्चीतच बसून होते. म्हणे, 'मुलगी चांगली वाटते.' इतकी वर्सं झाली, अजून उभं राहून नाही सांगितलं." सर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पुरावे गोळा करून राहिलो." काकू पदरात तोंड लपवून हसल्या. मला त्या घरात बसायला फार आवडायचं.

सरांची बरीच व्याख्यानं मी ऐकली, पण त्यांचं खरं व्याख्यान एकच. पेवाचं.

वरूडकडचं एक गाव. फार जुना दुष्काळ. त्या गावात एका विधवा बाईची धान्याची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं खोल कोठार, वरून बंद केलेलं. सरकारी दप्तरात लिहिलं होतं की भुकेल्या गावकऱ्यांनी पेवं फोडून लुटली आणि त्यातले बरेच धरले गेले. आजूबाजूच्या गावांनी तेच धरून ठेवलं. सोयरिकीच्या बोलण्यात, बाजारात, भांडणात त्या गावाला 'लुटारूंचं गाव' म्हणायचं. पिढ्या गेल्या तरी ते नाव काही पुसलं गेलं नाही. बाई कंजूष होती, तिचे तळतळाट लागले, असं वर आणखी.

सर त्या गावात कितीतरी वर्षं जात होते. शेवटी त्या बाईच्या घराण्यातल्या एका आजोबांच्या पेटीत त्यांना एक कागद सापडला. मोडीतला. त्या बाईनं इंग्रज साहेबाकडे केलेल्या अर्जाची नक्कल. पेवं कोणी फोडली नाहीत, मी माझ्या हातानं उघडली, ज्यांना धरलं त्यांच्या डोक्यावरचं धान्य मी दिलेलं आहे, त्यांना सोडा, असा तो अर्ज. सर एरवी कधी हरखून जायचे नाहीत. त्या वर्षी त्यांनी मला दुकानावर फोन केला आणि पलीकडून नुसतेच हसत राहिले.

आजोबा कागद कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हते. झेरॉक्सला तर नाहीच. "त्या मशीनचा उजेड लय वाईट," म्हणायचे. फार विनवण्या केल्यावर ते स्वतः कागद घेऊन एस्टीनं अकोल्याला आले, पांढऱ्या फडक्यात बांधून, मांडीवर ठेवून. मोबाईलमध्ये कॅमेरा यायच्या आधीची ही गोष्ट. व्याख्यान रंगात आलं आणि आमच्या वऱ्हाडाच्या रिवाजाप्रमाणे लाइट गेले. मी धावत बाहेर गेलो, जनरेटरवाल्याबरोबर दोरी ओढत बसलो. ते यंत्र नुसतं खोकत होतं. आत सरांनी माइकशिवाय बोलणं चालू ठेवलं, आजोबांना मंचावर घेतलं, बॅटरीच्या उजेडात कागद उघडला आणि विचारलं, "कोणाले मोडी येते का? मी वाचलं तर तुमी म्हणाल, यानं मनचं वाचलं."

महिलांच्या बाजूनं एक शिक्षिका उठल्या. त्यांचे वडील भूमापन खात्यात होते, त्यांनी मुलीला मोडी शिकवली होती. बाईंनी ओळीवर बोट ठेवून पूर्ण अर्ज वाचला. मग सरांनी सगळ्यांना रांगेनं वर बोलावून कागद पाहायला लावला. वाचता येवो न येवो, डोळ्यांनी पाहा, म्हणाले. दिवे आले आणि मी घामाघूम होऊन आत आलो, तोवर आजोबांनी फडक्याला गाठ मारली होती. मी पुष्कळ विनवलं. "आता पुरे. कागदाले वारा लागते," एवढंच म्हणाले. तेव्हापासून त्या शिक्षिकेला सगळे मोडीवाल्या बाई म्हणतात. मला मात्र सरांनी बजावलं, "तू हे सांगशील तेव्हा 'ऐकलं' म्हणायचं. 'पाहिलं' नाही." मला राग आला होता. ज्यानं सभागृह मिळवलं, खुर्च्या मांडल्या, दोरी ओढून हाताला फोड आणले, त्यालाच हे ऐकून घ्यावं लागलं.

पुढे आजोबा गेले. मुलं वेगळी झाली, घर पाडलं, पेटीचं काय झालं कोणी सांगेना. सर तीनदा जाऊन आले. सरांनी स्वतःच्या हातानं केलेली नक्कल होती, पण ती ते कुणाला दाखवत नसत. "माह्या अक्षरातला कागद हा माहाच पुरावा झाला," म्हणत. म्हणजे त्या बाईनं काय केलं आणि ते गाव लुटारूंचं होतं की नव्हतं, याला आता आधार उरला तो सरांच्या आठवणीचा आणि त्या संध्याकाळी आमच्या सभागृहात बसलेल्या लोकांचा.

आणि तीच आठवण दगा द्यायला लागली.

पेवाच्या व्याख्यानात एक जागा होती. पेव उघडलं की कोणी लगेच आत उतरत नाही, आतल्या कोंडलेल्या हवेनं माणूस मरतो. आधी दोरीनं कंदील सोडून पाहतात. सर इथे नेहमी खुर्चीत बसत आणि म्हणत, "मले वाटते, तो कंदील बाईनंच सोडला असन." कागदात कंदिलाचा उल्लेखच नव्हता. ते वाक्य आलं की सभागृहात कोणी खोकतसुद्धा नसे. तीन वर्षांपूर्वी सर आले आणि हे वाक्य त्यांनी पोडियममागे उभं राहून सांगितलं. 'मले वाटते' न म्हणता.

सभागृहात कुजबुज झाली. मोडीवाल्या बाई उठल्या, हळूच म्हणाल्या, "सर, हे खुर्चीतलं आहे."

सरांनी पोडियमच्या दोन्ही कडा धरल्या. "हाव का?" म्हणाले. मग खाली पाहत चालत गेले, खुर्चीत बसले आणि ते वाक्य पुन्हा, सावकाश सांगितलं.

त्या रात्री ते माझ्याकडे मुक्कामाला होते. सकाळी स्टेशनवर, गाडीची वाट पाहत असताना त्यांनी विचारलं, "अजून कुठं चुकलं का?" नाही म्हणणं सोपं होतं. पण त्या माणसाला खोटं सांगायला जीभ वळेना. म्हटलं, "हो सर, आणखी एका ठिकाणी." त्यांनी मान हलवली.

"मराची भीती नाही रे मले," मग म्हणाले. "इसरलो तर इसरलो, गप्प बसन. पण मले समजलंच नाही ना. मी उभं राहून खोटं सांगत होतो अन् मले खरंच वाटून राहिलं होतं. ह्याची भीती हाय."

गाडी आली, ते चढले, हात केला नाही. मी तिथेच बाकावर बसून राहिलो आणि मला रडू आलं.

पुढच्या वर्षी ते आले नाहीत. अमरावतीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी काकूंचा फोन आला. "बोलाव त्यायले एकडाव. दिवसभर भिंतीले सांगून राहिले. सांगता सांगता उठतात, बसतात, अन् कुठं उभं राहाव समजत नाही म्हणून रडतात." मी बडनेऱ्याला गेलो. सर मला ओळखत होते. भांड्यांची चौकशीही केली. यायला तयार झाले, पण अट घातली. "पेवाचंच सांगन. तो कागद गेला, मी बी जाऊन राहिलो. त्या गावाचं नाव कोणीतरी धुवून ठेवलं पायजे. पण मी चुकलो की टोकायचं. लाज धरून कोणी बसलं, तर त्यानं माहा घात केला असं समजन." हेच वाक्य मी व्याख्यानाच्या आधी माइकवर वाचून दाखवलं. परिचय, हार, दीपप्रज्वलन, सगळं त्या दिवशी गाळलं.

काकूंना घेऊन ते गाडीनं आले. काकू पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसल्या. जुने श्रोते बरेच होते, काठ्या टेकत आलेलेही होते, आणि मोबाईलवर सरांचं नाव ऐकून आलेली कॉलेजची पोरंही. सरांनी चांगली सुरुवात केली. दुष्काळ सांगितला, बाजारात दाणा कसा दिसेनासा झाला ते सांगितलं. मध्ये दोनदा जागा चुकली. दोन्ही वेळा कोणीतरी हात वर केला, सर थांबले, जागा बदलली, पुढे गेले. कोणी हसलं नाही. मला वाटायला लागलं, निभावलं.

मग अर्ज आला. सर पोडियम सोडून निघाले. कडेला थांबतील असं वाटलं, थांबले नाहीत. खुर्चीपर्यंत गेले आणि बसले. आवाज खाली आला.

"मले वाटते," ते म्हणाले, "मले असं वाटते, की त्या बाईनं साहेबाकडे अर्ज केला असन. की हे लोक लुटारू नाहीत म्हणून."

ज्या शोधासाठी हा माणूस आयुष्यभर त्या गावाच्या धुळीत फिरला, तो त्यानं स्वतःचा अंदाज म्हणून सांगितला होता. काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांनाही कळलं होतं.

मोडीवाल्या बाई उठल्या. आता त्यांचे केस पूर्ण पांढरे झालेत. "सर, असं नाही. तो अर्ज होता. ते उभं राहून सांगायचं. उठा."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, जणू आत कुठेतरी शोधत होते. "तुमी म्हणता तर असन बाई. पण मले तो कागद दिसून नाही राहिला. जे मले दिसत नाही, ते मी उभं राहून कसं सांगू?"

"तुम्हीच दाखवला होता."

"असन ना. पण मी उठणार नाही."

बाई बसल्या नाहीत. "मग मी उभी आहे," म्हणाल्या. "मी वाचला आहे तो. या बोटानं वाचला आहे."

मागच्या रांगेतून एक म्हातारे वकील काठीवर जोर देत उठले. "मी बी पाहिला." पुरुषांच्या बाजूनं आणखी एक उठले. मग महिलांमधल्या दोघी, एकमेकींना धरून. मग इकडून एक, तिकडून एक. घोषणा नाही, टाळी नाही, नुसता खुर्च्यांचा आवाज. कॉलेजचा एक पोरगा भारावून उठायला लागला, तेव्हा शेजारच्या आजींनी त्याचा शर्ट ओढला. "तू होता का रे तवा? बस खाली." तो बसला. ज्यांनी पाहिला होता तेवढेच उभे होते. बाकी सगळे बसून होतो.

मला उठावंसं किती वाटलं, ते सांगता येत नाही. पाय आपोआप जमिनीवर रेटले गेले होते. त्या व्याख्यानमालेत माझ्याइतका त्यांचा कोणी नव्हता, निदान मी तरी तसं समजत होतो. पण त्या संध्याकाळी मी बाहेर अंधारात होतो.

सर खुर्चीतून उभ्या असलेल्या एकेकाकडे पाहत होते. चेहऱ्यांवरून नजर सरकत सरकत पहिल्या रांगेत आली आणि माझ्यावर थांबली.

"तू नव्हता का रे?"

"नाही सर. मी बाहेर होतो."

"बरं," म्हणाले. चेहरा एकदम मोकळा झाला त्यांचा. "मंग बसून राह्य. आपून ऐकू."

त्यांनी मोडीवाल्या बाईंना हातानं खूण केली. बाईंनी पदर सावरला आणि उभ्या जागेवरून, तेव्हापासून पाठ असलेला तो अर्ज पहिल्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली. सर खुर्चीत, मी खाली, आम्ही दोघं बसून ऐकत राहिलो.